हॅरिएट जेकब्स यांचे आत्मकथन आणि आमच्या घरात न बोलली गेलेली गोष्ट

ओसरी (मूळ लेख)

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात एडन्टन नावाचे बंदराचे गाव आहे. तिथे १८१३ साली गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट जेकब्स यांचे 'इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल' हे आत्मकथन मी गेल्या वर्षी वाचले, आणि त्यानंतर माझ्या थोरल्या मावशीकडे पाहण्याची माझी दृष्टीच पालटली. या पुस्तकावर सविस्तर चर्चा व्हावी अशी मनापासून इच्छा आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी हकिकत थोडक्यात सांगते. आपण गुलाम म्हणून जन्मलो हे सहा वर्षांची होईपर्यंत आपल्याला ठाऊकच नव्हते, असे लेखिका पहिल्याच वाक्यात सांगते. सहाव्या वर्षी आई गेली आणि मग ते कळले. पहिल्या मालकिणीने तिला वाचायला आणि शिवायला शिकवले. १८२५ साली ती मालकीण वारली, आणि तिच्या मृत्युपत्रानुसार हॅरिएट तिच्या तीन वर्षांच्या भाचीच्या मालकीची झाली. प्रत्यक्षात सत्ता त्या भाचीच्या बापाची, डॉक्टर जेम्स नॉरकॉम याची. पुस्तकात सगळी नावे बदललेली आहेत; डॉक्टर तिथे 'फ्लिंट' म्हणून येतो आणि लेखिका स्वतः 'लिंडा ब्रेंट' होते. मुलगी पंधरा वर्षांची झाल्यापासून हा मनुष्य तिच्या कानाशी घाणेरडे बोलू लागला. तिचे एका स्वतंत्र कृष्णवर्णीय सुतारावर प्रेम होते. त्याच्याशी लग्न करण्याची परवानगी डॉक्टरने नाकारली, आणि पुढे गावाबाहेर तिच्यासाठी वेगळे घर बांधायला काढले. त्या घरात एकदा पाऊल पडले की काय होणार, हे तिला पुरते ठाऊक होते.

इथे तिने जे केले, तेच सांगण्यासाठी पुस्तकाचे दहावे प्रकरण लिहिलेले आहे. सॅम्युएल ट्रेडवेल सॉयर नावाच्या एका अविवाहित गोऱ्या वकिलाशी तिने संबंध ठेवला आणि त्याच्यापासून तिला दोन मुले झाली. आपण दुसऱ्या पुरुषाच्या झालो हे कळले की डॉक्टर संतापून आपल्याला विकून टाकील, सॉयर आपल्याला विकत घेईल आणि मुलांची सुटका करील, असा तिचा हिशेब होता. कायद्याने मूल आईच्या मागे जात असे. आई गुलाम, तर मूलही गुलाम. हे सगळे ती रडून सांगत नाही आणि सबबही पुढे करत नाही. आपल्याला लाज वाटते असे ती लिहिते, आपण हे समजून-उमजून केले असेही लिहिते, आणि त्यानंतर म्हणते की शांतपणे मागे वळून पाहताना मला असे वाटते की गुलाम स्त्रीला इतर स्त्रियांच्या मापाने मोजू नये.

या वाक्यापाशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले, कारण मला माझी मावशी आठवली. आम्ही तिला माई म्हणतो. ऐन तारुण्यात तिने सासर सोडले, माहेरी राहू दिले नाही म्हणून तालुक्याच्या गावी खोली घेतली, आणि दिवसा एका वसतिगृहात स्वयंपाक व रात्री शिवणकाम करून ती राहिली. काही वर्षांनी तिला मुलगी झाली. त्या मुलीच्या वडिलांचे नाव आमच्या घरात कधी कुणी उच्चारले नाही. लग्नकार्यात माईला आमंत्रण असे, परंतु तिची जागा स्वयंपाकघरात ठरलेली असे. ओवाळायला, ओटी भरायला तिला कुणी बोलावले नाही. मोठ्यांनी आम्हा मुलांना कारण सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. 'माईचं जरा वेगळं आहे,' एवढ्या एका वाक्यावर आमच्या तीन पिढ्या निभावून गेल्या.

दिवाळीत मी माईकडे गेले तेव्हा ही सगळी हकिकत तिला सांगितली. ती ब्लाउजला हूक लावत ऐकत होती. सॉयरचा भाग आला तेव्हा तिचे हात थांबले. मी संपवल्यावर तिने एवढेच विचारले, "मग पोरं सोडवली का तिनं?" मी म्हटले, सोडवली. त्यावर तिने पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली आणि मुलीच्या बालवाडीपासून पदविकेपर्यंतच्या शाळा-कॉलेजच्या फीच्या पावत्या माझ्यापुढे ठेवल्या. सुतळीने बांधलेल्या, वर्षवार लावलेल्या. प्रत्येक पावतीच्या मागे पेन्सिलीने एक टीप होती: किती झबली, किती परकर, किती ब्लाउज शिवून ते पैसे उभे राहिले. मग ती बोलू लागली, आणि रात्रीचे जेवण झाल्यावरही बोलत राहिली.

तेव्हापासून मी माईची हकिकत तिच्याच तोंडून ऐकून लिहून काढते आहे. नावे बदलायची, हे तिने जेकब्स यांच्याकडून घेतले. काय लिहायचे आणि काय ठेवून द्यायचे, हे ती ठरवते. एका परक्या देशातल्या, पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या कृष्णवर्णीय स्त्रीने आपली सर्वांत अवघड गोष्ट मान ताठ ठेवून सांगितली, आणि त्यामुळे आमच्या घरातल्या एका बाईला बोलण्यासाठी वाट मिळाली, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणते.

इथल्या वाचकांपैकी कुणाला या पुस्तकाने असे काही दिले आहे का? पुढच्या भागाविषयी, म्हणजे ती माळ्यावर लपून राहिली त्याविषयी, मी मुद्दाम लिहिलेले नाही. त्यावर इतरांनी लिहावे.

तळटीप

ओसरीताई, लेख फार मोलाचा आहे. या पुस्तकाला स्वतःलाही सव्वाशे वर्षे 'तुझे खरे कशावरून' या प्रश्नाला तोंड द्यावे लागले, ती हकिकत इथे सांगणे आवश्यक वाटते.

पुस्तक १८६१ च्या जानेवारीत बॉस्टनला प्रसिद्ध झाले, आणि तेही सहजासहजी नाही. थेयर अँड एल्ड्रिज या प्रकाशकांनी गुलामीविरोधी लेखिका लिडिया मारिया चाइल्ड यांची प्रस्तावना मिळाली तरच छापू अशी अट घातली. चाइल्डबाईंनी प्रस्तावना दिली आणि संपादनही केले, तोवर प्रकाशकांचे दिवाळे निघाले. जेकब्स यांनी छपाईचे ठसे स्वतः विकत घेतले आणि 'लेखिकेसाठी प्रकाशित' असे मुखपृष्ठावर घालून पुस्तक बाहेर काढले. आयुष्याचा मोठा भाग दुसऱ्याची मालमत्ता म्हणून मोजल्या गेलेल्या स्त्रीने आपल्या पुस्तकाचे ठसे स्वतःच्या पैशाने ताब्यात घ्यावेत, ही गोष्ट मला पुस्तकातील कोणत्याही प्रसंगाइतकी महत्त्वाची वाटते.

पुढे यादवी युद्ध झाले, गुलामी संपली आणि पुस्तक विसरले गेले. विसाव्या शतकात अनेक अभ्यासकांनी ही चाइल्ड यांनीच रचलेली कादंबरी असावी असे धरून चालले. जॉन ब्लासिंगेम यांच्यासारख्या, गुलामांच्या साक्षी गंभीरपणे घेणाऱ्या इतिहासकारानेही १९७२ मध्ये ते विश्वासार्ह मानले नव्हते, कारण त्यातील प्रसंग फारच नाट्यमय वाटत होते. अभ्यासक जीन फॅगन येलिन यांनी रॉचेस्टर विद्यापीठात जपलेल्या, जेकब्स यांची मैत्रीण व गुलामीविरोधी कार्यकर्त्या एमी पोस्ट यांच्या कागदपत्रांत जेकब्स यांच्या हातची पत्रे अभ्यासली, नॉरकॉम घराण्याच्या दप्तराशी प्रत्येक घटना ताडून पाहिली, आणि १९८१ च्या निबंधात व त्यानंतर १९८७ च्या हार्वर्ड आवृत्तीत हे लेखन जेकब्स यांचेच आणि अस्सल असल्याचे सिद्ध केले.

त्या पुराव्यांत डॉक्टर नॉरकॉमने जून १८३५ मध्ये दिलेली जाहिरात आहे. हॅरिएटला पकडून देणाऱ्यास १०० डॉलर बक्षीस. तिचे वय २१, उंची पाच फूट चार इंच, ती अस्खलित बोलते आणि शिवणकामात कुशल असल्याने चांगले कपडे घालते, असे तिचे वर्णन त्यात आहे. ज्याने तिला छळले, त्याच्याच सहीची जाहिरात शेवटी तिच्या सत्यकथनाची साक्षीदार झाली. ओसरीताई, तुमच्या माईंच्या पावत्या म्हणूनच जपून ठेवा. शक्य झाल्यास मागची बाजूही स्कॅन करून ठेवा; पेन्सिल लवकर पुसट होते.

सह्यवाट

लेख आवडला, आणि तरीही एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे मी माझे कर्तव्य समजतो. जेकब्स यांची कथा वाचताना आपल्या घरातील दुःख आठवणे स्वाभाविक आहे. परंतु माईंना सासर सोडता आले, खोली भाड्याने घेता आली, मुलगी शाळेत घालता आली. त्या हालाखीतही त्यांच्या मुलीला कुणी चावडीवर उभे करून विकू शकत नव्हते. जेकब्स यांच्या आजीची विक्री भर लिलावात झाली. ही आजी मध्यरात्री उठून बिस्किटे भाजून विकत असे आणि मुलांना सोडवण्यासाठी पैसे साठवत असे. त्यांतले ३०० डॉलर मालकिणीने उसने घेतले आणि फेडले नाहीत; कायद्याने गुलामाची मालमत्ताच नसल्यामुळे फिर्याद करण्याची सोय नव्हती. पुढे तिला लिलावाच्या चौथऱ्यावर उभे केले, तेव्हा मालकिणीच्या सत्तर वर्षांच्या बहिणीने ५० डॉलर बोली लावली, आणि गावातील लोकांना आजीविषयी आदर असल्यामुळे त्यावर दुसरी बोली कुणी लावली नाही. त्या वृद्धेने नंतर तिला मुक्त केले. माणसाचा असा बाजारभाव ठरवणारी व्यवस्था आणि आपल्या मध्यमवर्गीय घरांतील अबोला यांत अंतर आहे, आणि ते अंतर वाचताना नजरेआड होऊ नये.

आपल्याकडे हे अंतर सर्वांत आधी ज्यांनी जाणले, त्यांनीच नातेही जोडले आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केले, आणि त्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या सुटकेसाठी गिरवावा अशी आशा व्यक्त केली. जेकब्स यांचे पहिले छापील लेखन, म्हणजे न्यूयॉर्क ट्रिब्यूनमधील निनावी पत्र, जून १८५३ चे आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५५ साली, फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. आमच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते, त्या थंडीवाऱ्यात किती कष्टी होत असतील, असे तिने विचारले आहे. दोघींना एकमेकींची वार्ता नव्हती. दोघींनीही गुलामीचे आणि अस्पृश्यतेचे मोजमाप स्त्रीच्या शरीराने केले.

माझ्या आजीने वेशीबाहेरचे आयुष्य काढले. त्यामुळे हे पुस्तक मी वाचले तेव्हा मला सर्वप्रथम फलटणच्या बेबीताई कांबळे आठवल्या. छोटे दुकान चालवता चालवता त्यांनी लिहिले, आणि ते लिखाण घरच्या माणसांपासून जवळजवळ वीस वर्षे लपवून ठेवले. अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्या आग्रहामुळे ते उजेडात आले, १९८२ साली 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. जेकब्स यांनाही लिहिण्याचा आग्रह एका मैत्रिणीनेच, रॉचेस्टरच्या एमी पोस्ट यांनी केला होता.

ओसरी

सह्यवाट, तुम्ही लिहिलेले प्रत्येक वाक्य मला मान्य आहे, आणि ते या धाग्यावर आले याचे समाधान आहे. माईचे दुःख जेकब्स यांच्या दुःखाच्या तोडीचे आहे असा माझा दावा नाही, आणि माईचाही नाही. तिने ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारला तो मुलांना सोडवण्याविषयी. स्वतःची मुलगी आपल्याजवळ होती आणि त्या बाईची मुले दुसऱ्याच्या वहीत लिहिलेली होती, हे तिला न सांगता कळले.

मला जेकब्स यांच्याकडून मिळाली ती न्याय करण्याची रीत. कोणत्या वाटा बंद होत्या हे आधी पाहावे, आणि त्यानंतरच उरलेल्या वाटेने गेलेल्या माणसाविषयी बोलावे. आमच्या घराने माईच्या बाबतीत हे कधी केले नाही.

खरेदीखताचा उल्लेख तुम्ही केला नाहीत, म्हणून मी करते. जेकब्स उत्तरेत पळून आल्या तरी १८५० च्या फरारी गुलामांच्या कायद्यामुळे न्यूयॉर्कच्या रस्त्यावरही त्यांना धरून नेता येत होते. ज्यांच्या घरी त्या मुले सांभाळत, त्या कॉर्नेलिया विलिस यांनी १८५२ साली नॉरकॉमच्या जावयाला ३०० डॉलर देऊन त्यांची सुटका विकत घेतली. जेकब्स यांनी तशी परवानगी दिलेली नव्हती. जे कधी त्याचे नव्हतेच, त्याची किंमत त्याला का द्यावी, हे त्यांचे म्हणणे होते. त्या कागदाचे मोल मला चांगले ठाऊक आहे, पण माझे स्वातंत्र्यावर कितीही प्रेम असले तरी त्या कागदाकडे पाहणे मला आवडत नाही, असे त्या लिहितात. बाईंविषयी कृतज्ञता आणि त्या व्यवहाराविषयी तिटकारा ही दोन्ही एकाच पानावर शेजारी शेजारी आहेत, आणि एकासाठी दुसरे त्यांनी सौम्य केलेले नाही.

रातपाळी

मी रुग्णालयात परिचारिका आहे. माळ्याविषयी लिहा असे आपण म्हटले आहे, तेव्हा माझ्या नजरेला जे दिसले ते लिहिते.

आजीच्या घराला लागून एक पडवी होती. तिच्या छताखाली नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि सर्वांत उंच भागी तीन फूट अशी जागा होती, जिथे तोपर्यंत उंदीर-घुशींशिवाय कुणी राहिले नव्हते. या जागेत ही स्त्री जवळजवळ सात वर्षे राहिली. उभे राहणे तर सोडाच, उतरत्या छतामुळे कूस बदलतानाही डोके आपटत असे. पहिल्या दिवसांत हवा आणि उजेड दोन्ही नव्हते. मग अंधारात तिच्या डोक्याला काहीतरी टोचले. चाचपून पाहिले तर ते तिच्या सुतारकाम करणाऱ्या मामाने छुपी झडप बसवताना भिंतीत राहून गेलेले गिरमिट होते. तिने त्या गिरमिटाने एकाखाली एक अशा तीन ओळींत भोके पाडली, मधल्या फळ्या कोरून काढल्या, आणि सुमारे एक इंच लांब व तितकाच रुंद झरोका तयार केला. तिथून रस्त्यावर सर्वांत आधी दिसला तो डॉक्टर. मुलांचे चेहरे त्यानंतर दिसले.

उन्हाळ्यात छपरातून राळ गळत असे, तांबड्या किड्यांनी अंग भरून जाई. हिवाळ्यात हातपाय बधिर होत. एका थंडीत तिचा चेहरा आणि जीभ आखडून वाचाच गेली होती. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे स्नायू काही आठवड्यांत कसे झिजतात हे मी रोज पाहते, म्हणून ही पाने मला सलग वाचवली नाहीत. बाहेर पडल्यानंतर कित्येक वर्षांनीही त्या कोंडवाड्याच्या खुणा आपल्या शरीरावर आहेत, असे त्या नोंदवतात. आणि त्याच जागेत बसून तिने मुलांसाठी नाताळचे कपडे शिवले, बायबल वाचले, आणि डॉक्टरला चकवण्यासाठी न्यूयॉर्कहून टपालात पडतील अशी पत्रे लिहिली. ती उत्तरेत आहे अशी त्याची खात्री पटली होती, आणि ती होती त्याच्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर.

रुग्ण जगेल की नाही हे पुष्कळदा त्याच्यासाठी रोज कोण येते यावर ठरते. इथे आजी, मावशी आणि मामा रात्री अन्न पोहोचवत होते, आणि पकडले गेले असते तर त्यांची गत काय झाली असती हे सांगायला नको. जेकब्स यांच्या धैर्याविषयी सगळे बोलतात. त्या आजीविषयीही बोलले जावे. माझी बदली लांबच्या वॉर्डात झाली आणि मला नोकरी सोडावीशी वाटत होती, त्या काळात मी हे पुस्तक वाचत होते. मी टिकून राहिले, यात त्या म्हाताऱ्या बाईचा वाटा आहे.

अबोली

दिवसभर विलिस कुटुंबाचे मूल सांभाळायचे आणि रात्री सगळे निजल्यावर लिहायचे, हे वाचल्यापासून मी वेळ नाही असे म्हणणे सोडले आहे. माझा एक प्रश्न आहे. त्यांनी आपली हकिकत एखाद्या प्रसिद्ध लेखिकेकडे का दिली नाही? त्या काळी 'अंकल टॉम्स केबिन'च्या लेखिका हॅरिएट बीचर स्टो यांचे नाव घरोघरी होते.

तळटीप

अबोली, तसा प्रयत्न झाला होता. एमी पोस्ट यांच्यामार्फत जेकब्स यांनी स्टो यांना विचारणा केली. स्टो यांनी ती हकिकत खरी आहे का याची खातरजमा करण्यासाठी ते पत्रच कॉर्नेलिया विलिस यांच्याकडे पाठवून दिले. मुलांचा जन्म कोणत्या परिस्थितीत झाला हे जेकब्स यांनी विलिसबाईंना तोवर सांगितलेले नव्हते. ती गोष्ट सांगायची की नाही हा हक्क त्यांचा होता, आणि तो न विचारता हिरावला गेला. शिवाय खरी असल्यास ही हकिकत आपल्या पुढच्या पुस्तकात घालण्याची इच्छा स्टो यांनी दर्शवली. जेकब्स यांनी नकार दिला आणि स्वतः लिहायला घेतले. १८५३ च्या सुमारास सुरू झालेले लेखन पूर्ण व्हायला पाचएक वर्षे लागली. विलिसबाईंचे पती एन. पी. विलिस हे स्वतः नामांकित लेखक होते, पण गुलामीच्या प्रश्नावर त्यांचा भरवसा नसल्यामुळे त्यांच्यापासून सारे लपवूनच लिहावे लागले.

जुनी पेटी

मी निवृत्त शिक्षक आहे. या पुस्तकातील एका प्रसंगाविषयी कुणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून लिहितो.

आई माळ्यावर आहे हे मुलांना सांगितलेले नव्हते. ती उत्तरेत पळून गेली असेच त्यांना वाटावे, अशी सगळ्यांची दक्षता होती. १८४२ मध्ये पळून जाण्याची वेळ आली तेव्हा आईने मुलाला भेटायचे ठरवले, आणि तेव्हा तो म्हणाला की मला ठाऊक होते. काही वर्षांपूर्वी, बहीण अजून गावात असताना, तो वळचणीखाली उभा होता आणि वरून कुणीतरी खोकल्याचा आवाज आला. ती आईच असावी असे त्याला वाटले. आपला हा संशय त्याने बहिणीलाही कधी सांगितला नाही. तो सांगतो की बहीण इतर मुलांबरोबर घराच्या त्या बाजूला खेळताना दिसली, तर खोकला त्यांना ऐकू जाईल या भीतीने तो तिला दुसऱ्या बाजूला वळवत असे. त्या बाजूला माणसे आली की तो अस्वस्थ होई, हे आईने तेव्हा पाहिले होते. त्यामागचे कारण तिला आता उमगले.

चाळीस वर्षे मी मुलांत काढली. मुलांना काही कळत नाही असे समजून घरोघरी मोठी माणसे बोलतात किंवा बोलणे टाळतात, आणि वर्गात ते मूल एकटे का बसते याचा उलगडा आम्हाला वर्षावर्षाने होतो. हा प्रसंग मी शिक्षक म्हणून पहिल्याच वर्षी वाचला असता तर किती बरे झाले असते, असे मला तीव्रतेने वाटते. ओसरीताई, माईंच्या मुलीला काय काय ठाऊक होते, हेही कृपया तिला विचारा. ती गोष्ट तिची आहे आणि तिलाही ती सांगावीशी वाटत असेल.

चार्ल्सकाठ

मी नोकरीनिमित्त मॅसॅच्युसेट्समध्ये केंब्रिजला राहते. जेकब्स यांची समाधी इथल्या माउंट ऑबर्न स्मशानभूमीत आहे. शेजारी त्यांचे भाऊ जॉन आणि मुलगी लुइझा यांच्याही आहेत. १८७० च्या दशकात त्या या गावात खानावळीसह भाडेकरूंचे घर चालवत असत. ७ मार्च १८९७ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांचे निधन झाले.

पुस्तक जिथे संपते तिथून पुढचे आयुष्य मला अधिक आकर्षित करते, आणि त्याविषयी फार कमी बोलले जाते. पुस्तकाच्या अखेरीस त्या म्हणतात की माझी गोष्ट नेहमीप्रमाणे लग्नाने संपत नाही, स्वातंत्र्याने संपते; आणि लगेच पुढे सांगतात की स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीपाशी मुलांबरोबर बसण्याचे स्वप्न अजून पुरे झालेले नाही. युद्ध सुरू झाल्यावर त्या वॉशिंग्टन आणि मग व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया इथे गेल्या, जिथे दक्षिणेतून निसटून आलेले हजारो लोक उघड्यावर, रोगराईत राहत होते. तिथे त्यांनी कपडे आणि औषधे वाटली आणि वर्तमानपत्रांतून मदतीची आवाहने केली. १८६४ च्या जानेवारीत तिथे शाळा उघडली गेली. ती शाळा गोऱ्या मिशनऱ्यांच्या हाती जावी की मुक्त झालेल्या लोकांच्या, असा वाद उभा राहिला तेव्हा जेकब्स यांनी लोकांच्या बाजूने उभे राहून निर्णय त्यांच्याकडेच राहील असे पाहिले. शाळेला जेकब्स यांचेच नाव मिळाले आणि लुइझा तिथे शिकवू लागली. पूर्वी जिच्या नावावर बोली लागली असती, ती मुलगी आता फळ्यापुढे उभी होती.

मी इथल्या मराठी वाचन मंडळात हे पुस्तक सुचवले आहे. आमच्यापैकी अनेकजणी शिक्षण आणि नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आहोत आणि या देशाचा हा इतिहास न वाचताच वर्षानुवर्षे इथे राहतो, ही गोष्ट मला खटकत आली आहे. ज्या नागरी हक्कांच्या आणि १९६५ च्या स्थलांतर कायद्याच्या आधारे आम्हाला इथे येता आले, त्यांमागे कृष्णवर्णीय लोकांनी दिलेला लढा आहे.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. जुनी पेटी, तुमचा प्रतिसाद मी माईला वाचून दाखवला, आणि तिच्या परवानगीने माझ्या मावसबहिणीलाही पाठवला. तिने कळवले आहे की ती स्वतःचे प्रकरण स्वतः लिहील आणि मी त्यात हात घालू नये. स्टो यांची हकिकत वाचल्यानंतर तर मला हे अगदी योग्य वाटते. तळटीप, पावत्यांचे दोन्ही बाजूंचे स्कॅन या रविवारी करणार आहे.

ज्यांना पुस्तक वाचायचे आहे त्यांच्यासाठी: ते स्वामित्वहक्कातून मुक्त आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या 'डॉक्युमेंटिंग द अमेरिकन साउथ' या संग्रहात आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ते पूर्ण मिळते. येलिन यांच्या आवृत्तीत पत्रे आणि टिपा आहेत, त्यामुळे विकत घ्यायचे असल्यास ती घ्यावी. प्रकरणे छोटी आहेत, इंग्रजी जुन्या वळणाचे असले तरी सरळ आहे. दहाव्या प्रकरणापासून सुरुवात करू नका. आधीची नऊ वाचल्याशिवाय ते प्रकरण लेखिकेला हवे तसे वाचले जाणार नाही. डिसेंबरमध्ये आपण इथेच एकेक प्रकरण घेऊन वाचू शकतो. सह्यवाट, मुक्ता साळवे यांच्या निबंधावर वेगळा धागा काढाल का?

सह्यवाट

काढतो. 'ज्ञानोदया'तील तो निबंध दोन भागांत आला होता. दोन्ही टंकून घेतो आणि पुढच्या आठवड्यात टाकतो. डिसेंबरच्या वाचनात पहिल्या तीन प्रकरणांची मांडणी करायलाही मी तयार आहे.